२४ ऑक्टोबर २००४ : रूनी पडला की पाडला गेला?

हायबरीचा_मावळा
मंडळी, इंग्लंडच्या प्रीमियर लीगवरच्या प्रत्येक धाग्यात हा विषय डोकावतो आणि तिथल्या मूळ चर्चेचं वाटोळं होतं. म्हणून त्याला स्वतंत्र जागा देतोय.

युनायटेडचं घरचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध आर्सेनल. आर्सेनल सलग ४९ लीग सामने अपराजित. त्याआधीचा पराभव मे २००३ मध्ये लीड्सकडून झाला होता. २००३-०४ चा अख्खा हंगाम, ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, एकही हार नाही. आधीचा विक्रम नॉटिंगहॅम फॉरेस्टचा, ४२ सामन्यांचा, तोही मागे पडलेला. नुसती बरोबरी झाली असती तरी पन्नाशी पूर्ण होत होती. ७३व्या मिनिटापर्यंत गोलफलक कोरा.

आणि मग युनायटेडचा रूनी आमच्या गोलसमोरच्या बॉक्समध्ये घुसला. आमचा बचावपटू सोल कॅम्पबेलने पाय पुढे टाकला आणि मागेही घेतला. रूनी कोसळला. पंच माइक रायलीने थेट पेनल्टी स्पॉटकडे बोट दाखवलं. व्हॅन निस्टलरॉयने गोल केला, भरपाई वेळेत रूनीने दुसरा मारला, २-०. खेळ खलास.

माझं मत स्पष्ट आहे. ती पेनल्टी नव्हती. इंग्लिश फुटबॉलमधली सर्वांत मोठी अपराजित घोडदौड एका चुकीच्या शिट्टीने संपली आणि याची चीड मला आजही येते. तुमचं मत कारणासकट सांगा. नुसतं 'रडे गनर्स' (म्हणजे आम्ही आर्सेनलवाले) लिहायचं असेल तर इतर धागे आहेत.

लालभडक
रडे गनर्स.

बरं, आता कारण. कॅम्पबेलने पाय टाकला हे तुम्हीच लिहिलंय. एकोणीस वर्षांचा पोरगा (त्या दिवशी वाढदिवस होता त्याचा) पूर्ण वेगात चेंडू घेऊन निघालाय आणि बचावपटू त्याच्या वाटेत पाय घालतो. पाय मागे घेईपर्यंत समोरच्याने तसंच पळत राहायचं का? एवढा अनुभवी बचावपटू, बॉक्समध्ये पाय बाहेर काढतोच कशाला?

कर्जत_लोकल
रूनीचा वाढदिवस आणि रायलीची भेट. एवढंच बोलून खाली बसतो.

रंकाळा_वेस
काय राव, पेनल्टीचा धागा आणि कोल्हापूरचं कुणीच नाही? आलो बघा.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की पेठच्या पेठ लोटते. फायनल असेल तर दुपारपासनं जागा धरायला लागते. आणि पेनल्टी दिली की निम्म्या गॅलरीला पंच देवमाणूस वाटतो, उरलेल्या निम्म्यांना तो विकला गेलेला वाटतो. माझ्या लहानपणी एका फायनलला अशीच शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टी दिलेली. तालमींची नावं घेत नाही, नाहीतर इथंच सुरू होईल. त्यावरनं सख्खे साडू वर्षभर बोलत नव्हते. गल्लीतली जाणती माणसं अजून कट्ट्यावर चहा घेताना दगडं मांडून दाखवतात, "इथं बॅक, इथं फॉरवर्ड, पंच हितं."

तर मावळे, वीस वर्षांनी तुम्ही भांडताय हे काय विशेष नव्हं. आमच्यात ही वहिवाटच आहे.

लालभडक
@रंकाळा_वेस, तुमचं मत कुठंय? पेनल्टी होती की नव्हती?

रंकाळा_वेस
नव्हती भावा. पण मी आर्सेनलवाला आहे, त्यामुळं माझं मत धरू नका.

म्हापशेकार
आमच्याकडे गोव्यात फातोर्ड्याला धेंपो-चर्चिल या क्लबांचा सामना असला की हेच. शेजारी बसलेला परका माणूस पाच मिनिटांत मित्र होतो आणि पेनल्टी दिली की परत परका.

शिट्टीवाला
मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो, तर पंचाच्या बाजूने लिहितो. दोन्ही गट प्रश्नच अर्धवट विचारताहेत असं मला वाटतं.

"स्पर्श झाला का?" यावर सगळ्यांचं घोडं अडलंय. फुटबॉलच्या नियम बारामध्ये मात्र पाय आडवा घालून पाडणं 'किंवा पाडण्याचा प्रयत्न करणं' असे शब्द आहेत. म्हणजे स्पर्श झालाच नाही तरी फाऊल होऊ शकतो, फक्त ती कृती निष्काळजी किंवा त्याहून वाईट हवी. उलटंही तितकंच खरं. स्पर्श झाला म्हणून आपोआप फाऊल होत नाही. दोन माणसं पळताना अंगाला अंग लागतंच.

तिसरी गोष्ट. १९९९ पासून पडण्याचं नाटक केलं तर पिवळं कार्ड आहे. म्हणजे रायलीपुढे तीन वाटा होत्या : पेनल्टी, खेळ चालू ठेवणं, किंवा रूनीला कार्ड. लोक दोनच धरतात. मला विचाराल तर मधली वाट बरोबर होती. कॅम्पबेलने पाय टाकला पण झोकून दिला नाही, आवरला. रूनीला तो पाय दिसला आणि तो पडायला तयार झाला. यात फाऊल नाही, आणि कार्ड द्यावं इतकं उघड नाटकही नाही. "चला, उठा, खेळा" म्हणून हात हलवायचा, बस.

पण हे मी आरामात बसून, पुन्हापुन्हा बघून सांगतोय. मैदानात पंच तिरक्या रेषेत पळत असतो. खेळाडूंच्या मागून बघितलं तर दोन पायांमधली फट दिसतच नाही. पाय पुढे आलेला दिसतो आणि माणूस पडलेला दिसतो, मधलं डोकं स्वतः भरून काढतं. फट दिसते ती बाजूने. म्हणून चांगले पंच पाच-सहा पावलं बाजूला सरकून बघायची सवय लावून घेतात. आम्हाला शिबिरात सर्वांत जास्त बोलणी यावरूनच बसतात.

सावनी
शिट्टीवाला, प्रतिसाद आवडला. 'प्रयत्न' हा शब्द नियमात आहे याकडे समालोचक सुद्धा दुर्लक्ष करतात. पण त्याच शब्दावरून लालभडक आता उड्या मारतील.

लालभडक
मारतोच! "पाडण्याचा प्रयत्न." कॅम्पबेलचा पाय तिथे हवा खायला आला होता का? शिट्टीवाला, तुमच्याच नियमाने पेनल्टी सिद्ध झाली.

शिट्टीवाला
नाही होत. चेंडूसाठी पाय टाकणं आणि माणसासाठी टाकणं वेगळं. चेंडू गेलाय हे कळल्यावर पाय आवरणं ही तर काळजी घेतल्याची खूण आहे. आवरला नसता तर मी तुमच्या बाजूने असतो.

हायबरीचा_मावळा
@शिट्टीवाला धन्यवाद. हेच मला इतकी वर्षं नीट मांडता येत नव्हतं.

सावनी
आता मला जरा मोठं लिहायचंय, कारण तुम्ही सगळे ७३व्या मिनिटावर भिंग धरून बसलात आणि आधीच्या ७२ मिनिटांकडे कुणी बघेना.

तो सामना पहिल्या अर्ध्यातच रायलीच्या हातातून गेला होता. आर्सेनलचा लुंगबर्ग गोलच्या दिशेने सुटला होता, युनायटेडचा फर्डिनांड शेवटचा बचावपटू, त्याने अंग घालून त्याला बाजूला फेकलं. कार्ड निघालं नाही. गोलची उघड संधी हिरावली तर लाल कार्ड, हा नियम तेव्हाही होता. पुढे व्हॅन निस्टलरॉयने आर्सेनलच्या ॲशली कोलच्या पायावर बूट रोवला. तेही पंचांनी सोडलं. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने नंतर त्याच कृतीसाठी त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी घातली. म्हणजे ज्या माणसाने ती पेनल्टी मारली तो त्या क्षणी मैदानावर असायलाच नको होता, हे आर्सेनलवाले नाही, असोसिएशनचा निकालच सांगतो.

आणि आर्सेनलचा रेयेस. युनायटेडच्या नेव्हिल बंधूंनी त्या पोराला आळीपाळीने लाथाडलं. एकवीस वर्षांचा, पायात जादू असलेला मुलगा. त्या दिवसानंतर इंग्लंडमधल्या प्रत्येक बचावपटूला कळलं की याला कसं थांबवायचं. तो २०१९ मध्ये अपघातात गेला तेव्हा मला पहिल्यांदा हाच सामना आठवला होता. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचा खरा अन्याय तो आहे. पेनल्टी शंकास्पद होती, दोन्हीकडून बोलता येतं. पण खेळणाऱ्याला संरक्षण देणं हे पंचाचं पहिलं काम आणि ते तिथे झालं नाही. एकदा मारायला मोकळीक मिळाली की सामना मारणाऱ्याच्या ताब्यात जातो, मग ७३व्या मिनिटाला काय होतं हा नशिबाचा भाग उरतो.

अमरावतीचा_बॅक
सावनीताई, एकदम बरोबर बोलल्या तुम्ही. मी स्वतः बॅक खेळलो आहो. पहिल्या पाच मिनिटात जोरात घुसून पाहाचं, पंच काही बोलला नाही तं मंग दिवसभर आपलंच राज्य. हे सगळ्या बॅकले माहीत असते. पंचानं पहिलंच कार्ड काढलं की सारे सरळ होते.

लालभडक
सावनी, रेयेसबद्दल मी वाद घालणार नाही. युनायटेडचा असूनही सांगतो, ते बघायला चांगलं नव्हतं.

पण लाल कार्ड दिलं असतं तर, कोलचं दिसलं असतं तर... आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! आणि जर-तरच करायचंय ना? मग करू. माझी बाजू ऐका.

१३ सप्टेंबर २००३, तेव्हाचं तुमचं घरचं मैदान हायबरी. आर्सेनल विरुद्ध पोर्ट्समथ. शेरिंगहॅमने पोर्ट्समथला पुढे नेलेलं. तुमचा रॉबेर पिरेस बॉक्समध्ये पोर्ट्समथच्या स्टेफानोविचच्या पायावरून असा पडला की स्टेफानोविचला कळेना आपण केलं काय. पेनल्टी! हेन्रीने मारली, १-१. तुमच्या त्या पवित्र ४९ मध्ये हा सामना आहे. पडून मिळवलेल्या पेनल्टीने घोडदौड संपली म्हणता, ती पडून मिळवलेल्या पेनल्टीनेच वाचली होती हे कुणी सांगायचं?

त्यानंतर आठच दिवसांनी, २१ सप्टेंबर, ओल्ड ट्रॅफर्ड. शून्य-शून्य, शेवटचे क्षण, पेनल्टी आम्हाला. व्हॅन निस्टलरॉयने आडव्या खांबावर हाणली. चेंडू चार बोटं खाली असता तर 'अपराजित' हा शब्दच जन्माला आला नसता.

कर्जत_लोकल
पिरेस काढला!! आता धागा शंभरी गाठणार.

हायबरीचा_मावळा
पिरेसचा मुद्दा येणार हे माहीत होतं. मी त्याचं समर्थन करत नाही. तीही पेनल्टी चुकीची होती आणि ते मी पोर्ट्समथच्या चाहत्याच्या तोंडावर म्हणेन. पण एका चुकीने दुसरी चूक बरोबर होत नाही. पोर्ट्समथचं देणं आम्ही युनायटेडला का द्यायचं?

आणि २१ सप्टेंबरचं म्हणाल तर तीही स्वस्तात मिळालेली पेनल्टी होती. आमच्या कीओनचा हात तुमच्या फोरलानच्या खांद्यावर, आणि फोरलान आडवा.

लालभडक
त्यानंतर कीओन व्हॅन निस्टलरॉयच्या डोक्यावर उड्या मारत होता ते विसरलात वाटतं. तुमच्या क्लबला १ लाख ७५ हजार पौंड दंड, लॉरेनला चार सामने, कीओनला तीन सामने बंदी. म्हणून तर पुढच्या वर्षी आमची पोरं कमरेला पदर खोचून उतरली होती. व्हॅन निस्टलरॉय पेनल्टी मारून गुडघ्यावर बसून ओरडला ना, त्यात वर्षभराचं साचलेलं होतं. मला तो क्षण आजही अंगावर काटा आणतो.

म्हापशेकार
पिझ्झाचं कुणी बोलणार की मीच बोलू?

कर्जत_लोकल
बोला बोला.

म्हापशेकार
सामना संपल्यावर बोगद्यात राडा झाला आणि कुणीतरी फेकलेला पिझ्झा युनायटेडचे प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांना लागला. वर्षानुवर्षं नाव बाहेर आलं नाही. २०१७ मध्ये आर्सेनलच्या सेस्क फाब्रेगासने टीव्हीवर सांगून टाकलं की तो मीच. तेव्हा सतरा वर्षांचा होता. मैदानावर आर्सेनलला एकही गोल करता आला नाही, हा नेम मात्र बरोबर लागला.

सावनी
हाहाहा. अवांतर आहे पण माफ.

सदाशिव_सॅनसिरो
इंग्लंडवाल्यांनो, तुमचं दुःख मोठं आहे, पण जरा इटलीकडेही बघा.

२६ एप्रिल १९९८, तुरीन. युव्हेंटस विरुद्ध इंटर, विजेतेपदाचा फैसला करणारा सामना. डेल पिएरोच्या गोलने युव्हेंटस पुढे. रोनाल्डो (आमचा, ब्राझीलचा) बॉक्समध्ये घुसतो, युव्हेंटसचा बचावपटू युलियानो त्याच्यावर सरळ छातीने आदळतो, रोनाल्डो उडून पडतो. पंच चेक्कारिनी : खेळ चालू. इंटरची माणसं हात वर करून ओरडताहेत तोवर चेंडू दुसऱ्या टोकाला गेला, काही सेकंदांत डेल पिएरो पडला, आणि तिथे पेनल्टी दिली! आमचे शांत स्वभावाचे प्रशिक्षक सिमोनी मैदानात धावत गेले, त्यांना बाहेर काढलं. डेल पिएरोची पेनल्टी आमचा गोलरक्षक पाल्युकाने अडवली, पण सामना १-० असाच गेला आणि विजेतेपदही.

पुढे प्रकरण कुठवर गेलं? इटलीच्या संसदेत. एक खासदार दुसऱ्यावर धावून गेला. तो दुसरा म्हणजे युव्हेंटसचा माजी खेळाडू मास्सिमो माउरो. बैठक थांबवावी लागली. रूनीमुळे कुणी संसद बंद पाडली का?

न दिलेली पेनल्टी दिलेल्या पेनल्टीपेक्षा जास्त छळते असं माझं ठाम मत आहे. दिलेली निदान अडवता येते.

रंकाळा_वेस
संसदेत! नाद खुळा. आमच्याकडं प्रकरण फार तर नगरसेवकापर्यंत जातं.

मँचेस्टरकर
बरीच वर्षं इथे मँचेस्टरला राहतोय, म्हणून थोडं इथलं. सहकाऱ्यांमध्ये युनायटेडवाले आहेत तसे सिटीवालेही. ओल्ड ट्रॅफर्डला नियमित जाणाऱ्या जुन्या लोकांना या पेनल्टीबद्दल विचारलं तर बहुतेक हसतात आणि म्हणतात, "थोडी हलकी होती, पण त्या दिवशी चालून गेली." छाती ठोकून 'शंभर टक्के पेनल्टी' म्हणणारे मला भारतातल्या युनायटेडवाल्यांतच जास्त भेटले. आपण ईएसपीएन-स्टारच्या पडद्यावरून प्रेम केलं. संघ गल्लीतला नव्हता, म्हणून निष्ठा वादातूनच सिद्ध करावी लागायची. इथल्या माणसाला ती आजोबांकडून आयती मिळालेली असते.

लालभडक
@मँचेस्टरकर, हे लागलं मनाला. पण प्रेम पडद्यावरचं म्हणून कमी होतं असं नाही. आम्ही अभ्यास बुडवून, केबलवाल्याच्या विनवण्या करून सामने बघितलेत. सोमवारी कॉलेजच्या कट्ट्यावर तोंड दाखवायचं की नाही हे रविवारचा निकाल ठरवायचा.

मँचेस्टरकर
कमी म्हणत नाहीच. उलट जास्त जपलेलं म्हणतोय.

अमरावतीचा_बॅक
मले एक सांगा, आर्सेनलचे प्रशिक्षक वेंगर साहेबानं काय म्हटलं होतं मंग?

सावनी
व्हॅन निस्टलरॉयवर फसवणुकीचा आरोप केला आणि त्याबद्दल १५ हजार पौंड दंड भरला. कोलवरच्या त्या फाऊलबद्दल खेळाडूला शिक्षा झालीच होती, ती बोलून दाखवणाऱ्यालाही झाली.

पण दंडापेक्षा मोठी किंमत पुढे मोजली. आर्सेनलचा संघ त्या पराभवानंतर कितीतरी आठवडे सावरला नाही. लगेच साउदॅम्प्टन आणि क्रिस्टल पॅलेसशी बरोबरी. चेल्सीने ९५ गुण मिळवून लीग नेली, आर्सेनल ८३ वर दुसरं, युनायटेड ७७ वर तिसरं. म्हणजे ज्या सामन्यासाठी दोघं इतके भांडले त्याचा फायदा चेल्सीचा प्रशिक्षक मोरिन्योला झाला.

हायबरीचा_मावळा
आणि मे २००५, कार्डिफ, एफए कप अंतिम सामना, आर्सेनल विरुद्ध युनायटेड, ०-०, पेनल्टी शूटआऊट. युनायटेडच्या स्कोल्सची आमचा गोलरक्षक लेहमनने अडवली. शेवटची आमच्या व्हिएराने मारली, तोच त्याचा आर्सेनलसाठीचा शेवटचा फटका. ५-४. तिथे कुणाला पडायची सोय नव्हती.

लालभडक
त्या सामन्यात १२० मिनिटं तुम्ही मार खाल्लात आणि कप घेऊन गेलात. तो अन्याय मी गिळला ना? मग तुम्हीही गिळा.

हायबरीचा_मावळा
नाही गिळणार. :)

मूळ मुद्द्यावर येतो. शिट्टीवाला, एक विचारायचं राहिलं. तेव्हा व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचाचा निर्णय तपासणारी सोय) असता तर? प्रीमियर लीगमध्ये तो २०१९-२० पासून आहे. ही पेनल्टी टिकली असती?

शिट्टीवाला
व्हीएआर हस्तक्षेप करतो तो 'स्पष्ट आणि उघड चूक' असेल तरच. बाजूच्या कॅमेऱ्यात स्पर्श नाही किंवा नगण्य आहे हे दिसलं असतं, तर पंचाला पडद्यापाशी बोलावलं असतं आणि माझ्या अंदाजाने पेनल्टी रद्द झाली असती. पण खात्री देत नाही. तोच प्रसंग दोन वेगळ्या शनिवारी दोन वेगळ्या तऱ्हेने सुटलेला आपण सगळ्यांनी बघितलाय.

मात्र सावनीचा मुद्दा इथे सर्वांत पक्का ठरतो. थेट लाल कार्डाचे प्रसंगही व्हीएआरच्या कक्षेत येतात. फर्डिनांडचा प्रसंग तपासला गेला असता, व्हॅन निस्टलरॉयचा तर नक्कीच. ७३व्या मिनिटापर्यंत मैदानावरचं चित्र वेगळं असतं. युनायटेड कदाचित नऊ जणांत खेळत असतं आणि रूनीला मध्यरेषेच्या अलीकडे बचाव करावा लागला असता.

लालभडक
आणि पिरेसची पेनल्टी? तीही रद्द! मग पोर्ट्समथ जिंकलं, तुमची घोडदौड सप्टेंबर २००३ मध्येच संपली, ओल्ड ट्रॅफर्डला आलात ते साधा संघ म्हणून. व्हीएआर आणायचा तर सगळीकडे आणा.

हायबरीचा_मावळा
पोर्ट्समथ जिंकलं कसं? अजून सगळा दुसरा अर्धा बाकी होता. हेन्री, पिरेस मैदानावर. हायबरीवर एक गोल फेडायला किती वेळ लागला असता?

लालभडक
म्हणजे तुमच्या वेळी जर-तर चालतं, आमच्या वेळी आत्याबाईच्या मिशा?

शिट्टीवाला
पिरेसचीही मी दिली नसती. नोंद असावी.

रंकाळा_वेस
शिट्टीवाले, तुम्ही कुठल्या जिल्ह्यात असता? आमच्या पुढच्या फायनलला याच. पण कुणाची पेनल्टी देणार ते आधी सांगू नका, नाहीतर स्टेशनवरच गाठतील.

सदाशिव_सॅनसिरो
युलियानोवर अजून कुणीच मत दिलेलं नाही. ती होती की नव्हती?

शिट्टीवाला
होती. स्वच्छ पेनल्टी. युलियानोने चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही.

कर्जत_लोकल
झालं, आता युव्हेंटसवाले येतील. जागते रहो.